शिंपल्यांत करिअर असतं का?

फोंड्याहून एका आईने लिहिलंय: मुलगी बारावी सायन्स झाली, केमिस्ट्रीत हुशार. घरच्या खानावळीतल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन गच्चीवर वाळत घालते आणि 'यावरच काम करणार' म्हणते. वडील चिडलेत, "शिकून कचरा चिवडणार?"

ताई, तो कचरा नव्हेच. तिसऱ्या, खुबे, कालवं यांच्या शिंपल्यांत ९० टक्क्यांहून जास्त कॅल्शियम कार्बोनेट असतं. गोव्यातली जुनी घरं शिंपल्यांच्याच चुन्यावर उभी आहेत, खिडक्यांनाही काचेऐवजी शिंपल्या बसवलेल्या. शिंपली ९०० अंशांच्या आसपास भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर फॉस्फोरिक आम्लाची प्रक्रिया करून हायड्रॉक्सिअपेटाइट मिळवता येतं. हाडा-दातांतलं खनिज याच जातीचं, म्हणून हाडातली पोकळी भरायला ते वापरतात. अर्थात तिथे शुद्धता फार काटेकोर लागते.

मात्र १०० किलो शुद्ध कार्बोनेट भाजलं तर चुना ५६ किलोच मिळतो. ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कुठे भाजायचं आणि कुठे नुसती पूड पुरते (कोंबड्यांच्या खाद्यात, आपल्या जांभ्याच्या आम्ल जमिनीत), हे ठरवणारं माणूस हवंय. कुर्ल्या-सुंगटांची (खेकडे-कोळंबीची) सालं वेगळीच ठेवावी लागतात, कारण त्यांत कायटिन (कवचातलं तंतुमय द्रव्य) आणि प्रथिनं बरीच असतात.

म्हणून आत्ताच 'वेस्ट मॅनेजमेंट' नावाच्या कोर्सला घालू नका. बी.एस्सी. केमिस्ट्री पक्की होऊ दे. मग गोवा विद्यापीठात एम.एस्सी., किंवा 'जॅम' ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तर घराजवळच आहे, आणि मासळीच्या टाकाऊ भागांचं काय करायचं यावर कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था काम करते.

शिंपल्यांचीच नोकरी लगेच मिळेल, असं मी सांगणार नाही. पण कॅल्शियम कार्बोनेट रंगात, कागदात, औषधी गोळ्यांत लागतंच आणि वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत केमिस्ट घेतात. वडिलांची काळजी पोटापाण्याची असेल, तर त्यांना हे नीट समजावून सांगा.

एक मात्र कडकपणे पाळा: घरी शिंपल्या भाजू देऊ नका. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो, डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. त्यापेक्षा खानावळीतून रोज किती किलो शिंपल्या निघतात, कसल्या निघतात, हे तिला महिनाभर वहीत लिहायला सांगा. कॉलेजात केमिस्ट्रीच्या सरांकडे जाताना तिने तीच वही न्यावी.