पर्कोलेटरची कॉफी कडू होते, काय करू?

मावसबहिणीने अमेरिकेहून गॅसवर ठेवायचा स्टीलचा पर्कोलेटर आणलाय. त्यात घरातली फिल्टर पावडर घालून 20 मिनिटं उकळवते. कॉफी कडूजार होते आणि कपात गाळ राहतो. भांडंच खराब आहे का? – एक वाचक, सांगली

भांडं अगदी चांगलं असणार ताई, टाकून वगैरे देऊ नका! आधी ते चालतं कसं ते बघा. खालचं पाणी तापलं की बुडबुड्यांबरोबर मधल्या नळीतून वर चढतं, जाळीतल्या पावडरीवर पडतं आणि झिरपून परत खाली येतं, आणि मग तीच तयार कॉफी पुन्हा वर जाते, पुन्हा पावडरीतून उतरते, असं गॅस बंद करेपर्यंत चालूच. म्हणजे 20 मिनिटांत तुमची कॉफी कितीतरी वेळा त्याच पावडरीतून फिरली, कडू होणारच ना. कॉफीला खरं तर 90 ते 96 डिग्रीचं पाणी लागतं, खळखळून उकळलं की स्वाद वाफेबरोबर जातो आणि मागे कडवटपणा उरतो.

त्यामुळे गॅस मोठा ठेवायचा तो फक्त पहिली उकळी येईपर्यंत. झाकणावर काचेचं बोंड असेल तर त्यात कॉफी उडताना दिसते, ती दिसली की लगेच गॅस एकदम बारीक करा, दर दोन-तीन सेकंदांनी एक उडी एवढंच हवं, सारखी धार उडायला लागली तर आच जास्त आहे. तिथून 6-7 मिनिटं मोजा आणि गॅस बंद. मग जाळी लगेच बाहेर काढून ठेवा, हे बरेच जण विसरतात, ती आत राहिली तर वाफेने ओला चोथा खाली ठिबकत राहतो.

गाळाचं कारण तुमची पावडर. फिल्टरची पावडर बारीक असते, ती जाळीच्या भोकांतून सरळ खाली जाते. पर्कोलेटरला जाड रव्याएवढी भरड लागते, दुकानदाराला तसं सांगून दळून घ्या, चिकरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) न घालता. एक लिटर पाण्याला 60 ग्रॅम पावडर हे माप धरून सुरुवात करा, मग आवडीप्रमाणे कमी-जास्त.

आणि दूध त्यात अजिबात घालायचं नाही, नळी चोंदते. दूध वेगळं तापवा, आपल्याकडचं जायफळ घालायचं असेल तर तेही दुधातच.

आमच्या पितळी फिल्टरमधून डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) उतरतच नाही, तासभर ठिबकत बसतं. – एक वाचक, पुणे

वरचं भांडं रिकामं करून उजेडासमोर धरा, निम्मी भोकं बंद दिसतील. गरम पाण्यात भिजवून ब्रशने घासा, तरी नाही निघाली तर बारीक सुईने एकेक मोकळं करा. भोकं मोकळी असतील तर मग पावडर जास्त दाबली जातेय. पावडरीवर ठेवायची ती दांड्याची चकती नुसती अलगद टेकवायची असते, जोर लावायचा नाही. आधी थोडंसं गरम पाणी घालून पावडर ओली होऊ द्या, अर्ध्या मिनिटाने बाकीचं ओता. चिकरीचं प्रमाणही बघा, पाकिटावर लिहिलेलं असतं, आपल्याकडे मिश्रणात 49 टक्क्यांपर्यंत चिकरी चालते. चिकरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे ती जास्त असली की उतरायला वेळ लागतो. 80 टक्के कॉफी, 20 टक्के चिकरी असं घेऊन बघा.

मोका पॉट घ्यावा की फ्रेंच प्रेस? सध्या माझ्याकडे काहीच नाही. – एक वाचक, नाशिक

घरी इंडक्शन असेल तर विचारून घ्या, मोका पॉट बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे असतात, इंडक्शनवर तापत नाहीत. 1933 साली इटलीत आलेलं हे भांडं, खालच्या भागातलं पाणी वाफेच्या दाबाने पावडरीतून वर चढतं, कॉफी दाट देतं, दुधाबरोबर छान लागते. पाणी खालच्या भागातल्या व्हॉल्व्हच्या (जादा वाफ सोडणाऱ्या झडपेच्या) खालीच ठेवायचं आणि पावडर दाबायची नाही. काळी कॉफी आवडत असेल तर फ्रेंच प्रेस, त्यात पावडर गरम पाण्यात भिजवून मग दांड्याच्या जाळीने खाली दाबायची.

पण खरं सांगू, लगेच काहीच घेऊ नका. पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, भरड पावडर घाला, ढवळा, 4 मिनिटं झाकून ठेवा आणि स्वच्छ मलमलच्या फडक्याने गाळा. फ्रेंच प्रेसमध्येही दुसरं काही होत नाही. वाचलेल्या पैशात ताजी दळलेली कॉफी आणा, तीही 100 ग्रॅमच, कारण दळल्यावर वास फार लवकर उडतो. डबा घट्ट झाकणाचा हवा आणि गॅसपासून लांब ठेवा.