पायलट बलून बोटाने दाबून कफ प्रेशर कळतं का?

नाही कळत. कफ म्हणजे पेशंटच्या श्वासनलिकेत घातलेल्या ट्यूबभोवतीचा हवेचा फुगा, आणि पायलट बलून म्हणजे त्याला जोडलेला, बाहेर राहणारा छोटा फुगा. तुम्ही लिहिलंय की तुमच्या आयसीयूत सीनियर सिस्टर पायलट बलून चिमटीत दाबून 'ठीक आहे' म्हणतात, मग मॅनोमीटर (प्रेशर मोजायचा मीटर) हवाच कशाला? अहो, बोटाला फक्त कफमध्ये हवा आहे एवढंच कळतं. प्रेशर २५ आहे की ६०, ते नाही. भल्याभल्या अनुभवी हातांनी पास केलेले कफ मीटरवर साठीच्या पुढे निघालेले मी पाहिलेत.

ठेवायचं २० ते ३० सेंटिमीटर पाणी. मीटर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असेल तर साधारण १५ ते २२. त्याखाली गेलं की कफच्या वर साचलेली लाळ कडेने झिरपून फुफ्फुसात उतरते आणि न्यूमोनियाला वाट मिळते. जास्त झालं तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. सीगोबिन आणि व्हॅन हॅसेल्ट या संशोधकांनी १९८४ मध्ये श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहून ३० च्या वर जाऊ नका असं सांगितलं, तो आकडा आजही चालतो. हे नुकसान तेव्हा दिसत नाही, हीच पंचाईत. पेशंट बरा होऊन घरी जातो, काही आठवड्यांनी श्वास घेताना आवाज येऊ लागतो, नलिका आकसलेली असते.

दर शिफ्टला एकदा मोजा. शिवाय कूस बदलल्यावर, पालथं केल्यावर, सीटीहून परत आणल्यावर. ओटीत नायट्रस (भुलीचा वायू) चालू असेल तर तो कफमध्ये शिरून प्रेशर वाढवतो, तेव्हा तिथून आलेला पेशंट आधी बघा.

मोजताना पेशंट खोकत नसावा. मीटर जोडला की थोडी हवा त्याच्या नळीत जाते, त्यामुळे आकडा मुळात होता त्यापेक्षा कमी दिसतो. लगेच 'लीक आहे' म्हणू नका. २५ ते ३० च्या मध्ये आणून झटकन काढा.

मात्र दर वेळी हवा भरूनही प्रेशर उतरत असेल तर सिरिंज खाली ठेवा. ओठाशी ट्यूबचा सेंटिमीटरचा आकडा बघा. ट्यूब वर सरकून कफ स्वरयंत्रात अडकला असेल तर आणखी हवा भरून ती अजून बाहेर येईल. डॉक्टरांना बोलवा.

मीटर येईपर्यंत स्टेथोस्कोप गळ्यावर ठेवा. आधी तोंड-घसा नीट सक्शन करून घ्या, मग लीकचा आवाज येईपर्यंत हवा थोडी थोडी काढा, आणि आवाज जेमतेम थांबेल इतकीच परत भरा. याने आकडा मिळत नाही, पण चिमटीपेक्षा बरं.