दर कशाचा, कशामागे?

प्रश्न असा आलाय : उजनी धरणात सोमवारी २० टक्के पाणी होतं, शुक्रवारी ३० झालं. मग 'वाढीचा दर दहा टक्के' म्हणायचं का?

नाही! पावसाळाभर टपरीवर हेच ऐकतो आणि चहा कडू लागतो. दहा ही वाढ, दर नव्हे. दराला 'कशामागे' लागतं. सोमवार ते शुक्रवार चार दिवस (वार मोजाल तर पाच भरतील; मधली अंतरं मोजा), म्हणजे दिवसाला अडीच. तेही टक्के-अंक (दोन टक्केवारींमधलं अंतर), टक्के नव्हेत. कारण विसाचे तीस म्हणजे पाणी दीडपट, वाढ ५० टक्के. हे टक्के ज्याचे, तो पूर्ण उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट) धरला तर एक अंक अर्ध्या टीएमसीहून जरा जास्त. 'दिवसाला सव्वा टीएमसीच्या वर' म्हणा की सरळ, भांडणच मिटलं.

खरी गंमत 'दर'मध्ये आहे. शाळेत व्याजाची गणितं करताना 'द. सा. द. शे.' घोकलंत ना? दरसाल दरशेकडा. हा दर फारसी, मूळ अर्थ 'मध्ये'. 'दरम्यान' त्यातलाच : दर अधिक मियान. इराणात टक्क्याला आजही 'दरसद' म्हणतात. सद म्हणजे शंभर. आपला दरशेकडा हुबेहूब तोच, शेपूट तेवढं मराठी. माझं म्हणणं असं, की 'दरशेकडा आठ', 'दरशेकडा नऊ' म्हणता म्हणता शेकडा गळाला, दर एकटा उरला आणि नाम होऊन बाजारात बसला. मार्केट यार्डात 'कांद्याला काय दर?' विचारतात, तेव्हा क्विंटल कुणी उच्चारत नाही. पण दराच्या पोटात तो असतोच.

यावर काही पंडित 'दर' संस्कृत 'दृ'वरून, म्हणजे फाडण्यावरून काढतात. का, तर भाव खिसा फाडतो म्हणून? संस्कृतात 'दर' आहे, नाही कोण म्हणतं? पण त्याचे अर्थ भीती, बीळ, शंख. मग 'दररोज' म्हणजे काय, रोजची भीती? 'दरी' घेऊन जा खुशाल, ती तुमचीच. दरसाल-दरशेकड्याला हात लावू नका.

हां, उजनी राहिलीच. उन्हाळ्यात ती अनेकदा मायनसमध्ये जाते, म्हणजे उपयुक्त साठा संपून खालच्या मृतसाठ्यात. उणे दहावरून अधिक दहावर आली तर वाढ किती टक्के, हे मात्र काढत बसू नका. सूत्रात घातलंत तर उत्तर उणे दोनशे येतं, आणि पाणी तर चढलेलं असतं.