आत्ता 10 किमी धावतो, जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची फुल (42 किमीची पूर्ण मॅरेथॉन) जमेल का?

ऑगस्टपासून लागलात तर जमेल. स्पर्धा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे वीसेक आठवडे हातात आहेत. नोंदणी मात्र आधी बघा. जागा लवकर भरतात, आणि आधीच्या एखाद्या स्पर्धेचं टायमिंग सर्टिफिकेट लागतंय का, हे नियमांत वाचून घ्या.

आठवड्यातून चार दिवस धावणं पुरे. त्यातला रविवारचा लाँग रन महत्त्वाचा: 12 किमीपासून दर आठवड्याला दीड-दोन किमी वाढवा, चौथ्या आठवड्याला कमी करा. 30-32 किमीचा सर्वात मोठा रन स्पर्धेच्या तीन आठवडे आधी उरका. लाँग रन गप्पा मारता येतील इतक्या हळू वेगात करा. बहुतेकांचे गुडघे आणि नडग्या इथेच दुखावतात, कारण रोजच जोरात पळायची हौस.

खरी परीक्षा परतीच्या पेडर रोडच्या चढावर. पस्तीसेक किमी झालेले, ऊन वर आलेलं, हवेत दमटपणा. पहाटे मरीन ड्राइव्हच्या सपाटीवर किमीमागे 15-20 सेकंद जास्त वेगाने गेलात, तर त्याची वसुली इथे होते. म्हणून सरावात आठवड्यातून एकदा फ्लायओव्हर चढा. एनर्जी जेल (धावताना खायचं गोड, घट्ट पाकीट) दर 40-45 मिनिटांनी, पाण्यासोबत. तेही लाँग रनमध्ये पोटाला सोसतंय का पाहून.

बिब (छातीवर लावायचा नंबर) स्पर्धेच्या दिवशी मिळत नाही. आधीच्या दिवसांत एक्स्पोला (स्पर्धेआधी भरणाऱ्या प्रदर्शनाला) ओळखपत्र घेऊन जावं लागतं. बाहेरगावचे असाल तर तिकीट त्या हिशेबाने काढा. नवे बूट त्या दिवशी नकोतच. काखेत, मांड्यांना व्हॅसलीन लावा.