कार्टून, काडतूस आणि 'व्यंगचित्रपट'

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: मूकपटांच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत असे अनेक लघुपट निघाले, ज्यांत हाडामांसाचा माणूस आणि हाताने काढलेले चित्र एकाच चौकटीत वावरतात. अशा लघुपटांना मराठीत 'व्यंगचित्रपट' म्हणणे योग्य आहे का, आणि नसल्यास दुसरा कोणता शब्द वापरावा?

योग्य नाही. हा शब्द इतक्या ठिकाणी, इतक्या निश्चिंतपणे वापरला जातो की त्यातील विसंगती कोणाला खटकेनाशी झाली आहे. अमेरिकी व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांच्या १९१४ सालच्या 'गर्टी द डायनोसॉर' या लघुपटात कोणाचे व्यंग दाखवले आहे? गर्टी ही एक अवाढव्य, हट्टी आणि लाडावलेली डायनोसॉर आहे. ती मॅके यांच्या सांगण्यावरून पाय उचलते, रागावले की रडते, तळ्याचे पाणी एका दमात पिऊन टाकते आणि शेवटी मॅके यांना पाठीवर घेऊन चालू लागते. तिच्यात टीका नाही, उपहास नाही आणि कोणाच्या दोषावर ठेवलेले बोटही नाही. तरीही केवळ चित्र हालते म्हणून आपण तिला 'व्यंगचित्रपट' या खात्यात टाकून मोकळे होतो. मूळ शब्द 'व्यंग' की 'व्यंग्य', या वादात मी इथे शिरत नाही. 'व्यंगचित्र' हा शब्द आपल्या जागी रूढ आणि उत्तम आहे. तक्रार आहे ती त्याला 'पट' जोडून भलतीकडे नेण्याबद्दल.

ही चूक 'कार्टून' या शब्दाचे भाषांतर करताना झाली आहे, म्हणून त्या शब्दाकडे नीट पाहिले पाहिजे. इटालियन भाषेत 'कार्ता' म्हणजे कागद, आणि त्याला मोठेपणा दाखवणारा प्रत्यय लागून 'कार्तोने' म्हणजे जाड, दणकट कागद. भिंतीवर किंवा भिंतीवर टांगायच्या विणलेल्या भित्तिपटावर जे चित्र उतरवायचे, त्याचा पूर्ण मापाचा आराखडा चित्रकार आधी अशा कागदावर काढीत आणि त्या आराखड्यालाच कागदाचे नाव मिळाले. इटालियन चित्रकार राफाएलने व्हॅटिकनमधील सिस्टीन चॅपेलच्या भित्तिपटांसाठी केलेली 'कार्टून्स' आजही लंडनमध्ये पाहायला मिळतात, आणि त्यांत हसण्यासारखे काहीही नाही. व्यंगाचा अर्थ या शब्दाला चिकटला तो १८४३ मध्ये. ब्रिटिश संसदेच्या नव्या इमारतीतील भित्तिचित्रांसाठी आलेल्या कार्टूनांचे प्रदर्शन भरले असताना 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने जॉन लीच यांचे एक बोचरे चित्र 'कार्टून क्रमांक १' अशा शीर्षकाखाली छापले. थोर चित्रांच्या आराखड्यांची ती थट्टा होती आणि त्या थट्टेनेच शब्दाचा अर्थ बदलला. म्हणजे या शब्दात कागद मुळापासून आहे आणि व्यंग अपघाताने आले आहे. 'व्यंगचित्रपट' हा शब्द घडवताना आपण अपघात तेवढा उचलला आणि मूळ टाकून दिले.

हा कागदाचा वंश मराठीत काही कार्टूनबरोबर प्रथमच आलेला नाही. तो आपल्याकडे शतकानुशतके नांदतो आहे, आणि तोही दारूगोळ्याच्या कोठारात. 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीज 'कार्तूशु'वरून आला. तो इटालियन 'कार्तोच्चो'च्या कुळातला, आणि 'कार्तोच्चो' म्हणजे कागदाची सुरळी किंवा पुडी. जुने काडतूस खरोखरच कागदाचे असे. मोजून घेतलेली दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली असे, आणि बंदूक भरताना शिपाई ती पुडी दातांनी फाडी. १८५७ च्या उठावात चरबी लावलेल्या काडतुसांवरून एवढा क्षोभ उसळला, त्याचे कारणही हेच की ती दातांनी फाडावी लागत. पितळेच्या नळीला कोण दात लावणार? शाळेच्या इतिहासात आपण सर्वांनी ही गोष्ट वाचली आहे, पण या शब्दात कागद दडला आहे हे सहसा कोणी सांगत नाही. तेव्हा कार्टून आणि काडतूस ही एकाच घरातली भावंडे आहेत. एक जाड कागद झाले, दुसरे गुंडाळलेला कागद. 'कार्ड' आणि 'चार्ट' हे आपले रोजचे शब्दही त्याच घरातले.

'काडतूस' हे इंग्रजी 'कार्ट्रिज'चे अपभ्रष्ट रूप आहे, असे ठामपणे सांगणारे अनेक जण आहेत. त्यांनी दोन्ही शब्द एकदा मोठ्याने उच्चारून पाहावेत. 'कार्ट्रिज'मधला 'रि' गेला कुठे, शेवटचा 'ज' जाऊन 'स' कसा आला आणि मधला दीर्घ 'तू' कोणी दिला, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. पोर्तुगीज रूप घेतले की तिन्ही प्रश्न आपोआप सुटतात. पावासाठी, चावीसाठी आणि बटाट्यासाठी आपण पोर्तुगिजांचे शब्द घेतले, हे ज्यांना मान्य आहे त्यांनी बंदुकीच्या बाबतीतच इंग्रजांचा आग्रह का धरावा? पहिल्या अक्षरानंतरच्या 'र'चा 'ड' झाला तो 'काडी' या ओळखीच्या शब्दाच्या ओढीने झाला असावा, असे माझे मत आहे. परका शब्द घरात घेताना मराठी त्याला ओळखीच्या शब्दाचा चेहरा देते, हे इतरत्रही दिसते.

कागदाचा हा आग्रह मी उगीच धरलेला नाही. वाचकाने ज्या लघुपटांबद्दल विचारले आहे, त्यांचा विषयच मुळी कागद आणि माणूस यांची गाठ हा आहे. अमेरिकेतील चित्रपटकार जे. स्टुअर्ट ब्लॅक्टन यांचा १९०० सालचा 'द एन्चान्टेड ड्रॉइंग' घ्या. ब्लॅक्टन मोठ्या कागदावर एक गोल चेहरा काढतात, शेजारी बाटली आणि पेला काढतात, आणि मग हात पुढे करून ती बाटली कागदावरून उचलतात, तेव्हा ती खरी झालेली असते. पेय हिरावले गेल्यावर चेहरा रुसतो आणि घोटभर मिळाल्यावर खुलतो. १९०६ च्या त्यांच्या 'ह्यूमरस फेजेस ऑफ फनी फेसेस'मध्ये फळा आणि खडू दिसतात, हे खरे, पण तिथेही काही आकृत्या कागदातून कापलेल्या आहेत. फ्रेंच चित्रकार एमिल कोल यांचा १९०८ चा 'फँटास्मागोरी' पाहणाऱ्याला खडूने काढल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात कोल यांनी सुमारे ७०० चित्रे पांढऱ्या कागदावर काळ्या रेषेत काढली आणि फिल्म उलट्या छटेत छापून घेतली. त्याच्या आरंभी चित्रकाराचा खरा हात येऊन आकृती काढतो, आणि पुढे मोडलेली आकृती पुन्हा जोडायलाही तोच हात येतो. मॅके यांच्या १९११ च्या 'लिटल निमो'मध्ये तर कागद हे जवळजवळ एक पात्रच आहे. महिनाभरात ४,००० चित्रे काढून ती हालवून दाखवण्याची पैज ते मित्रांशी लावतात, आणि मग शाईची पिंपे व कागदाचे गठ्ठे त्यांच्याकडे येताना आपण पाहतो. चित्र हालते तो भाग थोडा आणि कागदाचे हे नाटक मोठे, अशी त्या लघुपटाची रचना आहे.

अमेरिकी चित्रपटकार मॅक्स फ्लायशर यांच्या यंत्राकडे पाहिले की कार्टूनचा मूळ अर्थ आणखी उजळतो. जुने चित्रकार कार्टूनच्या रेषांवर बारीक छिद्रे पाडून त्यांतून कोळशाची पूड भिंतीवर झटकीत, म्हणजे आकृती कागदावरून निघून दुसरीकडे जाई. फ्लायशर यांनी हा प्रवास उलटा केला. १९१५ मध्ये ज्याच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला आणि १९१७ मध्ये ज्याचे एकस्व मिळाले, त्या रोटोस्कोप यंत्रात चित्रित झालेल्या माणसाची एकेक चौकट काचेवर मागून पाडली जाई आणि काचेवर कागद ठेवून तिची बाह्यरेषा गिरवली जाई. त्यांचा भाऊ डेव्ह विदूषकाचा वेष घालून कॅमेऱ्यासमोर नाचला आणि त्याच्या गिरवलेल्या रेषांतून कोको हा विदूषक जन्माला आला. 'आउट ऑफ द इंकवेल' या मालिकेत हा कोको दौतीतून बाहेर येतो, खुद्द मॅक्स यांच्या टेबलावर धुमाकूळ घालतो आणि शेवटी परत दौतीत जातो. चालत्या माणसाला कागदावर उतरवणे हेही कार्टूनच, आणि तेही राफाएलला समजले असते अशा अर्थाने.

'सचेतनपट' हा पर्याय सुचवणाऱ्यांशी माझा मतभेद वेगळ्या प्रकारचा आहे. शब्द सुघड आहे. 'अॅनिमेशन'मधला लॅटिन 'अनिमा' आणि आपला 'प्राण' यांचे नाते प्रसिद्ध आहे, त्यामुळे 'सचेतन' हे भाषांतर म्हणून चुकीचे नाही. पण तो शब्द क्रियेचे नाव आहे, प्रकाराचे नव्हे. ब्लॅक्टन यांच्या १९०० च्या लघुपटात चौकटीमागून चौकट काढलेले चित्र नाहीच. कॅमेरा थांबवायचा, कागदावरच्या बाटलीच्या जागी खरी बाटली आणायची आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा, एवढाच तो प्रयोग आहे. त्याला सचेतनपट म्हणणे तांत्रिकदृष्ट्या असत्य ठरते. याउलट दादासाहेब फाळके यांच्या 'आगकाड्यांची मौज' या लघुपटाला हा शब्द नेमका लागू पडतो, कारण तिथे निर्जीव काड्या एकेक चौकट घेऊन हालवलेल्या आहेत आणि कागदावरच्या चित्राचा प्रश्नच येत नाही. स्वतः जादूचे प्रयोग करणाऱ्या फाळक्यांना थांबवलेल्या कॅमेऱ्याची जादू आणि चौकटीचौकटीने हालवलेली वस्तू यांतला फरक पक्का ठाऊक होता. दोन्हींना एकच नाव देणाऱ्या परिभाषाकारांनी तो विचारात घेतलेला नाही.

राहिला प्रश्न वॉल्ट डिस्ने यांच्या अॅलिस मालिकेचा. फ्लायशर यांनी चित्राला माणसांच्या जगात आणले होते, तर डिस्ने यांनी १९२३ च्या 'अॅलिसेस वंडरलँड'मध्ये खऱ्या मुलीला चित्रांच्या जगात धाडले. चिमुरड्या व्हर्जिनिया डेव्हिसला पांढऱ्या कापडासमोर अभिनय करायला लावून तिच्याभोवतीच्या कोऱ्या जागेत मागाहून चित्रे छापून घेतली जात. १९२४ ते १९२७ या काळात ही मालिका चालली. इथे कागद दिसत नाही म्हणून माझी मांडणी कोसळते, असे म्हणणाऱ्यांनी त्या पांढऱ्या कापडाचे काम काय होते ते पाहावे. ते कोऱ्या कागदाचेच काम करीत होते, आणि चित्रकाराच्या कागदावर या वेळी मुलगी उभी होती.

म्हणून सरळ 'कार्टूनपट' म्हणावे, आणि माणूस व चित्र एकत्र असल्याचे सांगायचे असेल तेव्हा 'मिश्र कार्टूनपट' म्हणावे. परका शब्द म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही, मात्र तो मराठीसारखा चालवला पाहिजे. 'काडतूस' आपण पूर्णपणे आपले केले आहे याची खूण अशी की त्याचा दीर्घ 'तू' अनेकवचनात आणि सामान्यरूपात ऱ्हस्व होतो: काडतूस, काडतुसे, काडतुसात. 'कार्टून'ला आपण अजून तसे वागवत नाही. 'कार्टून्स' आणि 'कार्टूनमध्ये' लिहून त्याला दारातच उभे ठेवतो, आणि मीही वर रूढीप्रमाणे तसेच लिहिले आहे. भावंडाचा नियम त्यालाही लावावा: ते कार्टून, ती कार्टुने, त्या कार्टुनात.