पदरचे पैसे घालून पुस्तक काढावे का?

प्रश्न : माझे ललित लेख एका प्रकाशन संस्थेने ‘निवडले’ आहेत. डेमी आकार, 160 पाने, 500 प्रती, किंमत 250 रुपये. मी 75,000 रुपये भरायचे. मला 50 प्रती आणि छापील किमतीवर 10 टक्के मानधन मिळणार. करार करू का?
– एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : या अटींवर करू नका. उरलेल्या 450 प्रती एकूण एक खपल्या असे धरू (तशा त्या खपत नाहीत). प्रतीमागे 25 रुपयांप्रमाणे मानधन होते 11,250. तुमच्या वाट्याच्या 50 प्रती तुम्ही पूर्ण किमतीला विकल्यात तर आणखी 12,500. म्हणजे सगळे मनासारखे घडले तरी 51,250 रुपये अंगावर. प्रकाशकाचा खर्च मात्र तुमच्याच पैशांतून आधीच निघालेला. मग पुस्तक दुकानांत पोचवायची धडपड तो कशाला करील? शिवाय करारात 500 लिहून प्रत्यक्षात 100 प्रती डिजिटलवर (संगणकावरून थेट होणाऱ्या छपाईने) काढल्या, तर ते तुम्हाला कळणारही नाही.

छपाईचा खर्च तुमचा, तर सगळ्या प्रती तुमच्या. हे मान्य नसेल तिथे पुढे बोलूच नये.

पदरचे पैसे घालणे मुळातच चूक, असे मात्र नाही. कुलवृत्तांत, गावाचा इतिहास, संस्थेचा गौरवग्रंथ, क्लासच्या नोट्स यांचा वाचक ठरलेला असतो आणि बऱ्याचदा आगाऊ नोंदणीही होते. कवितासंग्रह 100 जणांना भेट द्यायचा असेल तर तो हौसेचा खर्च. तसाच मोजून करावा.

अशा वेळी ‘पॅकेज’ न घेता कामे वेगळी द्या : अक्षरजुळणी व मांडणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई-बांधणी. छापखान्याकडे दरपत्रक मागताना आकार, पाने, कागद (70 जीएसएम, म्हणजे कागदाच्या वजनाचे माप, नॅचरल शेड चालेल), मुखपृष्ठाचे कार्ड व लॅमिनेशन, बांधणी आणि प्रती हे सगळे लिहून द्या, नाहीतर दोन दरांची तुलनाच होत नाही. डेमीचा फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पाने) 16 पानांचा. 160 पानांचे बरोबर 10 फर्मे होतात. 163 पाने झाली तर मजकूर आवरा. साधारण 300 प्रतींच्या आत डिजिटल परवडते, पुढे ऑफसेट (प्लेट बनवून केलेली छपाई). पण प्रत स्वस्त पडते म्हणून 1,000 काढू नका. गठ्ठे माळ्यावर जातात आणि वाळवी लागते.

सर्वांत जास्त घोळ फाँटमध्ये होतो. जुन्या श्रीलिपी या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये (आज सर्वत्र चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत) नेताना रफार सरकतो, ‘ऱ्हास’, ‘दऱ्या’, ‘ॲ’ फुटतात. पडद्यावर हे नजरेतून सुटते, म्हणून शेवटचे प्रूफ कागदावरच घ्या आणि सही करून द्या. काम झाल्यावर पीडीएफबरोबर मांडणीची मूळ फाइलही मागून घ्या, नाहीतर दुसऱ्या आवृत्तीला सगळे पुन्हा करावे लागते.

करार झालाच तर हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. ‘कायमस्वरूपी सर्व हक्क’ ही ओळ खोडायला लावा.

आणि हे पहिलेच पुस्तक असेल तर आधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची माहिती काढा.

प्रश्न : आयएसबीएनसाठी (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकासाठी) प्रकाशक 5,000 रुपये मागतो. तो क्रमांक स्वतः घेता येतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : येतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो विनामूल्य देते. लेखक-प्रकाशक म्हणून ऑनलाइन अर्ज करा. मुखपृष्ठ छपाईला जाण्याआधी तो हातात हवा, कारण बारकोड मलपृष्ठावर बसवायचा असतो. त्या क्रमांकाने कॉपीराइट मिळतो असे कोणी सांगितले तर मनावर घेऊ नका. कॉपीराइट लिहिले तेव्हापासूनच तुमचा आहे.