वॉरंटी नाकारली, म्हणून नवा फोन हप्त्यावर घ्यावा का?

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. आठ महिन्यांपूर्वी ३६,९९९ रुपयांना फोन घेतला. लॉक स्क्रीनवरच्या जाहिरातींना कंटाळून बूटलोडर, म्हणजे फोनवर दुसरी प्रणाली चालू न देणारं कुलूप, अनलॉक केला आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी लिनिएजओएस ही मोफत अँड्रॉइड प्रणाली टाकली. आता डिस्प्लेवर उभ्या रेषा आल्या आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरने ‘सॉफ्टवेअरमध्ये फेरफार, वॉरंटी लागू नाही’ असं सांगून १४,८०० रुपयांचं एस्टिमेट दिलं. बाजारातला दुकानदार ६,५०० मध्ये डिस्प्ले बदलून देतो म्हणतो. पगार ३४,०००, एसआयपी ३,०००, अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले ४०,०००. ग्राहक आयोगात जावं, की एसआयपी थांबवून ४५,००० चा नवा फोन नऊ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावा?

नवा फोन घेऊ नका. तुमचा संताप मला समजतो, पण त्या भरात घेतलेला हप्ता नऊ महिने तुम्हालाच फेडायचा आहे. महिन्याला ५,००० जाणार. एसआयपी थांबवून ३,००० सुटतील, वरचे २,००० घरखर्चातूनच निघणार. शिवाय नो-कॉस्ट म्हणजे अगदी फुकट नव्हे. व्याजाइतकी सूट आधी मिळते हे खरं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी कार्डाच्या बिलात येतेच. आणि ३६,९९९ चा फोन कपाटात पडून राहील तो वेगळाच.

आता वॉरंटीचं. वॉरंटी कार्ड काढा आणि फेरफाराचं कलम शब्दशः वाचा. काही कार्डांवर ‘अनधिकृत बदलामुळे झालेला बिघाड’ वगळलेला असतो. काहींवर ‘अनधिकृत बदल केल्यास वॉरंटी रद्द’ असं सरसकट लिहिलेलं असतं. पहिल्या प्रकारात तुमची बाजू भक्कम आहे, कारण लिनिएजओएसमुळेच डिस्प्ले गेला हे त्यांना सांगावं लागेल. दुसऱ्या प्रकारात वाट अवघड आहे. अमेरिकेत १९७५ पासून वॉरंटीविषयीचा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे, आणि ‘सील तोडलं की वॉरंटी गेली’ अशा धर्तीच्या अटींवरून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं धाडली होती. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ (ग्राहकावर अन्यायकारक, एकतर्फी अटी लादणारा करार) ही संकल्पना आली, पण त्याविरुद्धची तक्रार राज्य किंवा राष्ट्रीय आयोगापुढेच चालते. १४,८०० रुपयांसाठी तिथवर जाणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. म्हणून जिल्हा आयोगापुढे कलमाच्या वैधतेचा वाद काढूच नका. माल सदोष होता आणि सेवेत त्रुटी झाली, एवढंच मांडा.

त्यासाठी पुरावा आजच गोळा करा. फोनवर रेषा दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्या फोनवर उघडा. स्क्रीनशॉटमध्ये रेषा नसतील, तर फोन चित्र नीट तयार करतोय आणि दोष पॅनेलमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये आहे, असं म्हणायला भक्कम आधार मिळतो. मग फोन बंद करून फास्टबूट या प्राथमिक मोडमध्ये चालू करा. तिथे लिनिएजओएस सुरूच झालेलं नसतं. रेषा तिथेही दिसल्या, तर सॉफ्टवेअरकडे बोट दाखवणं फार कठीण. हे सगळं दुसऱ्या फोनने सलग व्हिडिओत घ्या. मात्र डिस्प्लेचा रिफ्रेश रेट किंवा ब्राइटनेस ठरलेल्या मर्यादेबाहेर ताणणारं वेगळं कर्नल (सॉफ्टवेअरचा हार्डवेअर चालवणारा गाभा) टाकलं असेल, तर तुमची बाजू लंगडी होते आणि मी आयोगाचा विचार सोडून द्यायला सांगेन.

सेंटरकडून जॉब शीटवर बिघाडाचं कारण लेखी मागा. ‘वॉरंटी लागू नाही’ हा झाला निर्णय. कारण म्हणजे डिस्प्ले कशामुळे गेला ते. लिहून देत नसतील तर ईमेल करा. उत्तर आलं नाही, तर ते न येणंही तुमच्या फाइलमध्ये राहू द्या.

तुमचा भाऊ म्हणतो मूळ सॉफ्टवेअर परत टाकून दुसऱ्या सेंटरला गुपचूप दाखवावं. हे करू नका. तुमच्या आयएमईआयवर, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकावर, पहिली नोंद झालेली आहे. काही फोनमध्ये, उदाहरणार्थ सॅमसंगच्या नॉक्स या सुरक्षा यंत्रणेत, असा बदल झाल्याची खूण हार्डवेअरमध्येच उमटते आणि ती पुसता येत नाही. लपवाछपवी उघडी पडली की खरी तक्रारही खोटी वाटू लागते. शिवाय कस्टम रॉम (लिनिएजओएससारखी बाहेरून टाकलेली प्रणाली) तसाच ठेवून बूटलोडर पुन्हा लॉक करायला गेलात, तर फोन कायमचा बंद पडायची भीती आहे.

मग करायचं काय? १४,८०० भरून अधिकृत सेंटरमध्येच दुरुस्ती करा, पण पैसे देण्याआधी ईमेल धाडा: ‘वॉरंटीखालचा माझा हक्क राखून, निषेध नोंदवून ही रक्कम भरत आहे.’ काढलेलं पॅनेल परत मागा. देत नसतील तर त्याचा सीरियल नंबर दिसेल असा फोटो घ्या आणि तेही लेखी कळवा. एवढं केलं की फोन हातात येतो आणि वाद फक्त १४,८०० रुपयांचा उरतो. ६,५०० वाला पर्याय वॉरंटी संपलेल्या फोनला मी आनंदाने सुचवला असता. इथे तो घेतलात तर मूळ पॅनेल जातं, त्यासोबत तपासणीची शक्यता जाते, आणि उरलेल्या चार महिन्यांत दुसरं काही बिघडलं तर नकाराला आणखी एक कारण मिळतं.

यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. नाही मिटली तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगाकडे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. प्रयोगशाळेत तपासणी लागली तर तिची फी आधी तुमच्याकडून मागितली जाऊ शकते. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, पण तारखा लांबतात. त्यामुळे हे पैसे परत येतील असं धरून कुठलाही हिशेब मांडू नका.

हिशेब असा मांडा. ४०,००० मधून १४,८०० गेले की २५,२०० राहतात. महिन्याला २,५०० टाकले तर सहा महिन्यांत खड्डा भरून निघतो. एसआयपीला हात लावायची गरज नाही. दुरुस्त केलेला फोन दोन वर्षं चालला तरी हा खर्च महिन्याला साधारण ६१७ रुपये पडतो. एस्टिमेट फोनच्या किमतीच्या निम्म्यावर गेलं असतं, तर मीही थांबून विचार केला असता. इथे ते ४० टक्के आहे.

एक काळजी मात्र मला जास्त वाटते. या फोनवर पगाराच्या खात्याचं यूपीआय आहे का? बूटलोडर उघडा असलेल्या फोनवर काही बँकांची ॲप चालतच नाहीत, आणि त्यांना चकवून चालवण्यात मोठा धोका आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं, की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. जुन्या फोनला नवं आयुष्य देणाऱ्या कस्टम रॉमचं मला मनापासून कौतुक आहे, त्यामुळे कितीतरी घरांचे पैसे वाचतात. पण वॉरंटीतला, रोजच्या व्यवहाराचा एकुलता एक फोन त्यासाठी वापरू नये. दुरुस्ती झाली की मूळ सॉफ्टवेअर परत टाका, आणि ते जमेपर्यंत यूपीआयला पाच-सात हजारांचं वेगळं खातं जोडा.